गायरानाची माती तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदर, फलटण, माण, खटाव, सांगोला हा सगळा पट्टा कमी पावसाचा आणि मेंढरांचा. इथल्या गायरानांवर आणि खासगी माळांवर आम्ही मातीचे नमुने काढत असतो. तेव्हा ग्रामपंचायतीचे सदस्य, मेंढपाळ, शिक्षक, कृषी पदविकेची मुलं आणि संस्थांचे कार्यकर्ते जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच होतात. त्यातल्या बऱ्याच आम्ही स्वतः करून बसलो आहोत.

गायरानात काही पेरायचं नाही, मग माती तपासायची कशाला?

खताची मात्रा ठरवायला नाही, एवढं आधी पक्कं करा. प्रश्न वेगळे असतात. पडलेला पाऊस मुरतो की वाहून जातो? मारवेल आणि पवना जाऊन नुसती कुसळी का उरली? चराईबंदी पाळली त्या तुकड्यात जमिनीला काही फरक पडला का? गवताचं बी टाकायचं ठरलंय, तर ते माथ्यावर तग धरेल की ओढ्याकडेला?

यातला तुमचा प्रश्न कोणता, ते नमुना काढण्याआधी एका वाक्यात लिहून काढा. पाणी मुरण्याचा प्रश्न असेल तर प्रयोगशाळेच्या अर्ध्या चाचण्यांची गरजच नाही. प्रश्न न ठरवता "सगळंच तपासून टाका" म्हणणाऱ्यांच्या हाती बारा आकड्यांचा कागद येतो आणि तो कपाटात जातो.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी घेतो तसाच नमुना चालेल का?

नाही, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. २०१५ साली सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना पिकाखालच्या जमिनीसाठी आखलेली आहे. बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा, १२ घटकांची तपासणी आणि शेवटी पिकानुसार खताची शिफारस. शेताला हे शोभतं, कारण शेत दरवर्षी नांगरलं जातं. वरची माती खाली, खालची वर, शेणखत सगळीकडे पांगलेलं. नांगर हा एक मोठा मिसळणीचा चमचाच म्हणा ना.

माळावर तो चमचा फिरलेलाच नसतो. वरच्या दोन बोटांत मुळांची जाळी आणि कुजलेलं गवत, त्याखाली लगेच रंग बदलतो. शेण जिथे पडलं तिथेच राहतं. जनावरं ज्या वाटेने रोज जातात ती वाट दगडासारखी घट्ट होते आणि तिच्यापासून चार पावलांवर माती भुसभुशीत असते. त्यामुळे दहा हेक्टर माळाचा एकच मिश्र (अनेक ठिकाणची माती एकत्र करून केलेला) नमुना काढला, तर जो आकडा येईल तो त्या माळावरच्या कुठल्याच जागेचा नसेल.

मग माळाचे भाग पाडायचे कसे?

आधी जमिनीच्या घडणीनुसार. दख्खनचा माळ बेसाल्टवर उभा आहे. माथ्यावर बरड, मुरमाड, वीतभरही नसलेली माती. उतारावर तांबूस किंवा भुरी, थोडी जाड. पायथ्याला आणि ओढ्याकडेला काळी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारी. हे तीन भाग वेगळेच धरायचे. माथा आणि पायथा यांची माती एका घमेल्यात कधीही मिसळू नका.

त्यानंतर जनावरांच्या वागण्यानुसार, आणि आमच्या मते हा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. गुरं-मेंढरं माळावर सारखी पसरत नाहीत. पाझर तलावाचा काठ, कुंडाभोवतीची जागा, दुपारच्या सावलीचं बाभळीचं किंवा कडुनिंबाचं झाड, रात्री मेंढरं बसवायच्या वाड्याची जागा, गावातून येणारी वाट, या ठिकाणी शेण, मूत आणि खुरांचा मार एकवटतो. तिथे स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि क्षारता इतर माळाच्या कितीतरी वर निघते आणि माती दबलेली असते. असे चार-दोन खड्डे चुकून तुमच्या नमुन्यात आले, तर सगळा माळ सुपीक दिसायला लागतो.

पहिल्याच वर्षी आमचं हेच झालं. एका उतारावर छान सपाट, गवताने भरलेला तुकडा दिसला म्हणून तिथेच पहार लावली. बाजूला बसलेले म्हातारे मेंढपाळ बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हितं नका घिऊ, दादा. हितं दोन वरसं आमचा वाडा व्हता." वरून काहीसुद्धा दिसत नव्हतं, लेंडीचा मागमूस नव्हता. आम्ही तरी हट्टाने तो नमुना वेगळी खूण करून पाठवला. स्फुरदाचा आकडा शेजारच्या नमुन्याच्या कित्येक पट आला. तेव्हापासून जीपीएस उघडण्याआधी आम्ही तिथल्या मेंढपाळाबरोबर अर्धा दिवस माळ चालतो. वाडा कुठे बसायचा, पाणी कुठे पाजायचे, कुठलं रान पेटलं होतं, मुरूम कुठून उचलला, हे त्यांना विचारायचं आणि हाताने नकाशावर काढायचं.

दोन जागा हटकून वगळायच्या किंवा वेगळ्या मोजायच्या. पहिली, सलग समतल चरांचे (पाणी अडवायला उताराला आडवे खोदलेल्या चरांचे) भराव. चर खोदताना खालचा मुरूम वर येतो आणि त्या भरावावर उगवलेलं गवत बघून लोक तिथली माती उचलतात. ती माती त्या माळाची वरची माती नव्हेच. दुसरी, रस्त्यासाठी मुरूम उचललेल्या खाणी. दोन पावसाळ्यांत त्यावर गवत येतं आणि नवख्याला ओळखू येत नाही.

एका भागातून किती नमुने?

एका मिश्र नमुन्यासाठी १५ ते २० ठिकाणची माती आणि प्रत्येक भागातून किमान तीन, जमल्यास पाच स्वतंत्र मिश्र नमुने. एकच नमुना असेल तर फरक जागेमुळे आहे की काळामुळे, हे कधीच सांगता येत नाही.

थोडा हिशेब आवडत असेल तर: समजा सेंद्रिय कर्बाची (कुजलेल्या पाल्या-मुळांतून मातीत आलेल्या कार्बनची) चढउतार सरासरीच्या ३० टक्के आहे. सरासरी १० टक्क्यांच्या आत अचूक हवी असेल, तर साधारण ३५ स्वतंत्र नमुने लागतात. २० टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर नऊ पुरतात. म्हणजे अचूकता दुप्पट हवी तर नमुने चौपट. पैसे मर्यादित असतील, तर बारा घटक तपासलेल्या दोन नमुन्यांपेक्षा तीन घटक तपासलेले आठ नमुने घ्या. हे आम्ही प्रत्येक संस्थेला सांगतो आणि निम्म्या संस्था ऐकत नाहीत.

जागा डोळ्याने निवडल्या तर काय बिघडतं?

माणसाची नजर गवताकडे जाते आणि हात मऊ जमिनीकडे. दोन्ही फसवतात. एका टोकापासून सुरुवात करा, ठरलेल्या दिशेने ठरलेली पावलं चाला आणि थांबाल तिथेच खणा. समोर मोठा दगड, वाळवी, ताजं शेण आलं तर एक पाऊल उजवीकडे सरका. "दगड आला म्हणून दहा पावलं पुढे गेलो" असं केलंत, तर माळातला दगड तुमच्या हिशेबातून गायब झाला आणि तो तर तिथला खरा रहिवासी आहे.

खोली किती घ्यायची?

गवताच्या माळासाठी ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे. कर्बाच्या साठ्याचा जागतिक हिशेब बहुतेक वेळा ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणून दुसरा थर. चराईबंदीचा परिणाम पाहायचा असेल तर वरचे ० ते ५ सेंटिमीटर आणखी वेगळे काढा, कारण बदल आधी तिथे दिसतो.

माथ्यावर बहुधा १५ सेंटिमीटरच्या आतच मुरूम लागतो. तेव्हा जिथे थांबावं लागलं ती खोली लिहा: "११ सेंटिमीटरला कठीण मुरूम". ही नोंद म्हणजे अपयश नाही. उथळ जमिनीत खोली हीच सगळ्यात मोलाची माहिती असते, तिच्यावर पाणी किती साठेल ते ठरतं. पण अहवालात ११ सेंटिमीटरचा नमुना "० ते १५" म्हणून घालू नका.

ऑगर (माती काढायचं गिरमिट) मुरमात जात नाही. काय करायचं?

ऑगर गाडीतच ठेवा. तो विकत घेताना आम्हाला फार आनंद झाला होता, पण बरडावर त्याचा उपयोग नाही. पहार, टिकाव, खुरपं आणि मोजपट्टी घ्या.

साधारण १५ सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असा खड्डा खणा. त्यातून निघालेली सगळी माती, मुळं, खडे, मुरूम, काहीही न टाकता एका पिशवीत भरा. मग खड्ड्याला आतून पातळ प्लास्टिकचा कागद लावा, काठाशी सुरकुत्या नीट बसवा आणि मोजपात्राने पाणी ओतत जमिनीच्या पातळीपर्यंत आणा. जेवढं पाणी मावलं तेवढं खड्ड्याचं आकारमान. समजा ३,४०० मिलिलिटर पाणी बसलं आणि भट्टीत वाळवल्यावर सगळ्या मालाचं वजन ५,१०० ग्रॅम भरलं, तर घनता दीड ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. आता २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेला खडा-मुरूम २,०४० ग्रॅम निघाला, तर तो ४० टक्के झाला. खरी माती ३,०६० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक घनसेंटिमीटरमागे ०.९ ग्रॅम. हा आकडा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

एक सूचना, जी कुठल्या पत्रकात आम्हाला मिळाली नाही, हात पोळून कळली. मऊ, कुजका मुरूम लाकडी मोगरीने ठोकला की त्याचा भुगा होऊन तो चाळणीखाली जातो. मग दगडाची पूड माती म्हणून मोजली जाते आणि कर्ब आहे त्यापेक्षा कमी येतो. ढेकळं हाताने फोडा, मोगरी हलकी चालवा आणि प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा की नमुना यंत्रात दळण्याआधी चाळा.

शेण, लेंड्या आणि वाळलं गवत बाजूला करायचं का?

अख्खी लेंडी, शेणाची पो, सुटं गवत हाताने बाजूला करा. पण खुरप्याने जमीन खरवडून "स्वच्छ" करू नका. खरवडलेल्या अर्ध्या सेंटिमीटरमध्येच माळाचा बराचसा कर्ब असतो. सगळ्या खड्ड्यांवर एकाच माणसाने ही साफसफाई केली तर उत्तम, कारण प्रत्येकाची "स्वच्छ"ची कल्पना वेगळी.

नमुना कोणत्या महिन्यात घ्यावा?

आम्ही कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात घेतो. जमिनीत थोडी ओल असते, पहार जाते, काळी माती अजून भेगाळलेली नसते. तुम्हाला दुसरा महिना सोयीचा असेल तर तो घ्या, पण दरवर्षी तोच ठेवा. काळी माती ओलीत फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून मे महिन्यातली घनता आणि डिसेंबरातली घनता यांची तुलना करता येत नाही. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तर अजिबात नको. वाळलेली माती एकदम भिजली की सूक्ष्मजीव जागे होतात आणि काही दिवस उपलब्ध नत्र (नायट्रोजन) उसळी घेतं.

माळ पेटला असेल तर तारीख लिहून ठेवा. राखेमुळे वरच्या थराचा सामू (पीएच) आणि पालाश काही काळ वाढतो आणि कोळशाचे कण कर्बाच्या चाचणीत अर्धवट मोजले जातात.

नमुना वाळवायचा आणि पाठवायचा कसा?

सावलीत, स्वच्छ कागदावर. खताच्या रिकाम्या गोणीवर नाही, जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीतही नाही (जस्त तपासायचं असेल तर). वाळल्यावर गोल पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळून पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. खडे भरपूर असतील तर चाळलेली माती अर्धा किलो भरली पाहिजे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. शाई ओलीला फुटते.

प्रयोगशाळेत कोणत्या चाचण्या मागायच्या?

सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चुनखडीचं प्रमाण, पोत म्हणजे वाळू-गाळ-चिकणमाती यांचं प्रमाण आणि उपलब्ध स्फुरद. पोत एकदाच तपासला की पुरे, तो दहा वर्षांत बदलत नाही. उपलब्ध नत्राचा आकडा गवताच्या माळावर फारसं काही सांगत नाही, तो सोडला तरी चालेल. पालाश आपल्या बेसाल्टच्या जमिनीत बहुधा भरपूरच असतो. सूक्ष्म अन्नद्रव्यं पहिल्या फेरीत नकोत.

क्षारता मात्र पायथ्याच्या आणि पाणवठ्याजवळच्या नमुन्यांत नक्की पाहा. कच्छच्या बन्नीसारख्या खारट गवताळ प्रदेशात तर कुठलं गवत कुठे उगवणार हे मुख्यतः तीच ठरवते. आपल्याकडे ती अडचण खोलगट जागांपुरती असते.

सेंद्रिय कर्ब ०.५५ टक्के आला. चांगला की वाईट?

आधी विचारा, कुठल्या पद्धतीने मोजला. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा १९३४ सालची वॉकली आणि ब्लॅक यांची पद्धत वापरतात. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लाने कर्ब जाळायचा आणि किती डायक्रोमेट खर्च झालं ते पाहायचं. यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी तीन चतुर्थांशाच्या आसपास जळतो, म्हणून येणाऱ्या आकड्याला १.३ ने गुणायचं असतं. एका प्रयोगशाळेने गुणलं आणि दुसरीने नाही, तर दोन अहवालांची तुलना फुकट.

दुसरा सापळा चुनखडीचा. मोठ्या संस्थांकडे कर्ब मोजणारं ज्वलन-यंत्र असतं, ते अचूक, पण ते मातीतला एकूण कर्ब मोजतं. चुनखडीतला कर्बही त्यात आला. आपल्या पायथ्याच्या काळ्या जमिनींत चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. तिथे आधी आम्लाने चुनखडी काढली नाही, तर कर्ब अवाच्या सवा फुगतो. वॉकली-ब्लॅक चुनखडीतला कर्ब मोजत नाही, हा त्या जुन्या पद्धतीचा मोठा गुण. शंका असेल तर मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसली की चुनखडी आहे.

आता ०.५५. पत्रिकेच्या नेहमीच्या पट्ट्यात ०.५ च्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त. पण हे पट्टे पिकाच्या जमिनीसाठी बांधलेले आहेत. माळाचा ०.५५ शेताच्या ०.५५ शी ताडून पाहण्यापेक्षा त्याच माळावरच्या, त्याच घडणीच्या, कमी चरलेल्या तुकड्याशी ताडा. जवळची देवराई किंवा जुनं राखीव कुरण असेल तर भाग्य समजा. नसेल तर स्मशानभूमीच्या किंवा रेल्वेमार्गाच्या कुंपणाआतली कधीही न चरलेली पट्टी बघा, रीतसर परवानगी घेऊन.

कर्ब हेक्टरी किती टन, हे कसं काढायचं?

टक्केवारी, घनता आणि खोली यांचा गुणाकार. घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये आणि खोली सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर थेट हेक्टरी टनात येतं.

मघाचा खड्डा घ्या. कर्ब ०.९ टक्के, खोली १५. खडे वगळून मातीची घनता ०.९. गुणाकार १२.१५ टन. आता खडे न चाळता सरसकट घनता दीड धरली असती तर? २०.२५ टन. आठ टन कर्ब नुसत्या दगडांतून निर्माण झाला!

दुसरी गंमत तुडवणुकीची. एका तुकड्यात कर्ब ०.८ टक्के, घनता १.२. साठा १४.४ टन. गुरांनी तुडवून तीच माती दबली, घनता १.४ झाली, टक्केवारी जैसे थे. साठा १६.८ टन. कागदावर माळ सुधारला, प्रत्यक्षात बिघडला. दबलेल्या जमिनीत १५ सेंटिमीटर खणताना तुम्ही जास्त माती उचलता, एवढंच झालेलं असतं. म्हणून तुलना समान खोलीची नको, समान वजनाच्या मातीची करा. ज्या अहवालात घनतेचा उल्लेखच नाही, त्यातल्या टनांवर आम्ही विश्वास ठेवत नाही.

हाच घोटाळा "हेक्टरी किलो" या एककात लपलेला असतो. प्रयोगशाळा एका हेक्टरच्या वरच्या थरात २२.४ लाख किलो माती धरून स्फुरद-पालाशचे किलो छापते. आपल्या खड्ड्याच्या हिशेबाने बरडावर ती साडेतेरा लाख किलोच आहे. म्हणजे छापील १४ किलो स्फुरद तिथे प्रत्यक्षात साडेआठच्या आतबाहेर.

खडे नसलेल्या जमिनीत घनता कशी मोजायची?

पाच सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा धारदार काठाचा लोखंडी पाइप घ्या. आकारमान ९८ घनसेंटिमीटर. लाकडी ठोकळा ठेवून सरळ ठोका, भोवतीची माती काढून अलगद उचला, दोन्ही टोकं सुरीने सपाट करा. १०५ अंशाला २४ तास वाळवून वजन १३२ ग्रॅम आलं, तर घनता १.३५. ठोकताना आतली माती बाहेरच्या पातळीपेक्षा खाली गेलेली दिसली, तर ती दबली. तो नमुना टाका आणि दुसरा घ्या.

प्रयोगशाळेशिवाय काय पाहता येतं?

एकाच चाचणीला वेळ असेल तर पाणी मुरण्याची करा. गायरानाचं दुखणं तीच सर्वात लवकर सांगते. १५ सेंटिमीटर व्यासाचा पाइप चार बोटं जमिनीत ठोका, आत प्लास्टिकचा कागद अंथरा, ४४० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद हळूच ओढून घ्या. अडीच सेंटिमीटर पाऊस पडल्यासारखं झालं. घड्याळ लावा. पाणी संपलं की पुन्हा तेवढंच ओता आणि ही दुसरी वेळ खरी धरा. पहिल्यांदा माती तहानलेली असते. भेग किंवा उंदराचं बीळ पाइपात आलं तर जागा बदला.

आम्ही ही चाचणी शाळेच्या मुलांकडून गुरांच्या वाटेवर आणि तिच्यापासून पाच पावलांवरच्या गवताच्या ठोंबाशी करून घेतो. ठोंबाशी पाणी बघता बघता जातं आणि वाटेवरच्या पाइपाभोवती मुलं कंटाळून गोट्या खेळायला लागतात. त्या दिवशी ग्रामसभेला वेगळं भाषण लागत नाही.

मेंढपाळांमुळे माळाची माती खराब झाली, हे खरं का?

नुसत्या माती परीक्षणाने हा आरोप सिद्ध होत नाही आणि तो करणाऱ्याने आधी मातीचा हिशेब समजून घ्यावा. मेंढरं दिवसा माळावर चरतात आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसतात. शेतकरी त्यासाठी धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडी आणि मूत त्याच्या शेतात पडतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माळाचा कस तोंडाने उचलून शेतात नेला जातोय. माळ गरीब होतो तो असा, आणि त्याचा फायदा गावाच्या शेतीला मिळतो. त्यात गायरानावर अतिक्रमणं, लागवडी, मुरमाच्या खाणी होऊन चराईचं क्षेत्र आकसलं की तेवढीच जनावरं थोड्या जागेवर येतात. तुडवण वाढते ती त्याने. ठरावीक काळ रान मोकळं सोडणं जुन्या मेंढपाळांना चांगलं कळतं. त्यांना मोकळं रान उरलेलं नाही, ही खरी अडचण.

चराईबंदी केल्यावर किती वर्षांत फरक दिसतो?

गवतात दुसऱ्या पावसाळ्यात, पाणी मुरण्यात त्याच्या मागोमाग, वरच्या ५ सेंटिमीटरच्या कर्बात बऱ्याच उशिरा, ३० सेंटिमीटरच्या साठ्यात तर पाच-सात वर्षं मोजणीच्या चुकीपलीकडे काही दिसेल अशी आशा धरू नका. दोन वर्षांत कर्ब दुप्पट झाल्याचा अहवाल कोणी दाखवला, तर खड्डे कुठे घेतले ते विचारा. बहुधा पहिले वाटेवर आणि दुसरे झाडाखाली निघतात.

मातीत साठवलेल्या कर्बाच्या बदल्यात पैसे (कार्बन क्रेडिट) देतो म्हणून एक कंपनी गावात आली आहे. सही करावी का?

सहीचा सल्ला आम्ही देत नाही. पण विचारायला चार गोष्टी: किती खोलीपर्यंत मोजणार, खडे वगळणार का, घनता प्रत्यक्ष मोजणार की कोष्टकातून घेणार, आणि तुलनेसाठी न बदललेला तुकडा ठेवणार का. शिवाय गायरान शासनाच्या मालकीचं आहे, ग्रामपंचायत त्याची राखण करते. करारावर सही कोणाची चालते, हे तहसील कार्यालयात आधी विचारा.

खणायला परवानगी लागते का?

गायरानासाठी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि सातबारा काढून गट क्रमांक तपासा. गाव ज्याला गायरान म्हणतं तो गट कागदावर कधी कधी वनखात्याचा निघतो. वनक्षेत्रात आणि नान्नज-रेहेकुरीसारख्या अभयारण्यांत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पहार लावू नका. खड्डे त्याच दिवशी बुजवा. मोकळ्या खड्ड्यात मेंढीचा पाय मोडला, तर त्या माळावर पुन्हा पाऊल ठेवायची सोय राहत नाही.

तपासणी झाल्यावर उरलेली माती फेकायची का?

मुळीच नाही. प्रत्येक नमुन्याची पाव किलो वाळलेली, चाळलेली माती घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दहा वर्षांनी पद्धत बदलली, प्रयोगशाळा बदलली, तर जुनी आणि नवी माती एकाच दिवशी एकाच यंत्रावर तपासता येते. कापडी पिशव्या वापरू नका. आमच्या पहिल्या वर्षीच्या पिशव्या शाळेच्या खोलीत होत्या. उंदरांनी माती सोडली आणि चिठ्ठ्या खाल्ल्या. आता एक चिठ्ठी बरणीच्या आत, एक बाहेर, आणि क्रमांक झाकणावर न लिहिता बरणीच्या अंगावर लिहितो, कारण झाकणांची अदलाबदल होते.